कपाळ पुसून आत जायचं

मंगळवार, ८ जुलै

आणि ती कारखान्याची माणसं वर तोंड करून माझ्या पोरीला सांगतात, "ताई, हाताचं काम आता यंत्र करतं." करू दे की! मग दोन वर्षांआधी का बोलला नाहीत? माझी पोर सात रस्त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात भिंगाखाली मान मोडून बसली, ती काय हौस म्हणून? केसाहून बारीक तार जोडते राजनंदिनी. दुकानदार म्हणायचा, असा हात सोलापुरात दुसरा नाही. आयटीआयमधल्या मास्तरांनीही तेच सांगितलं होतं. हात बसवा, पुढं चिपांचे कारखाने येणार, तिथं हाताला भाव आहे. बसवला हात. आता गुजरातेतल्या कारखान्याची माणसं होटगी रोडच्या शिकवणी केंद्रावर आली आणि पोरांच्या हाताकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर वर-खाली जाणारी एक रेघ. "यंत्र चालू असताना ही रेघ इथं का चढली असेल?" रेघ चढली तर चढली! ती काय जिना आहे?

"मग तू काय लिवलंस?" मी विचारलं.

"ठाऊक न्हाय असं लिवलं. पण यंत्र तापलंय का ते आधी बघीन, आन् कुणाला तरी सांगीन."

"ठाऊक न्हाय म्हणून लिवलंस? आन् तुला घेतलं?"

"व्हय."

घेतलं म्हणजे कामावर नाही, शिकायला. तीन महिने शिकायचं, मग परीक्षा, मग जमलं तर नोकरी. म्हणजे दोन वर्षं गेली ती गेलीच.

डॉक्टर म्हणालेत, रक्तदाब वाढलाय, ओरडू नका, राग आला की लिहून काढा. माझी चौथी झालेली आहे. अक्षर वाकडं आहे, पण राग सरळ आहे.


शुक्रवार, ११ जुलै

तिथले नियम ऐकून घ्या. टिकली नाही, काजळ नाही, पावडर नाही, मेंदी नाही, हातात बांगडी नाही, केसाला तेल नाही. कपाळ पुसूनच आत जायचं.

मी म्हटलं, "मग ऱ्हायलं काय? बाईमानूस आत आलंय हे कळायचं कसं?"

"कळायचं कशाला?" म्हणाली.

आत हवा गाळून सोडतात म्हणे. चहा गाळतात, पीठ चाळतात, हवा गाळतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत आरशासारख्या गोल चकत्या असतात, त्याच कापून पुढं चिपा होतात. डोळ्याला दिसणार नाही एवढा कण बसला तरी तेवढा तुकडा वाया. हवेतले कण मोजायला वेगळं यंत्र आहे, ते लाल झालं की सगळ्यांनी हातातलं काम सोडायचं.

आमच्या घरात असलं यंत्र आणलं तर ते जन्मभर लालच राहील. पुढच्या खोलीत मी आणि चार बायका कडक भाकऱ्या करतो. ज्वारीच्या, बाजरीच्या. खोलीत पिठाचाच श्वास. भिंतीला पीठ, पंख्याला पीठ. आता ही पोर ओढणी नाकाला लावून त्या खोलीतून पळत सुटते. धुतलेला ड्रेस पिशवीत घालून नेते आणि केंद्रावर जाऊन बदलते.

केराबाई, माझ्याकडची सगळ्यांत जुनी बाई, परात पुढं ओढत म्हणाली, "मायाक्का, तुजी लेक आपला इटाळ मानाय लागली की गं."

बाकीच्या हसल्या. मी नाही हसले. ह्याच पिठानं तिला वाढवलंय.


बुधवार, १६ जुलै

नंदिनी डबा विसरून गेली, म्हणून मीच रिक्षा करून केंद्रावर गेले. काचेतून बघता येतं. आत सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे डगले घातलेले, नुसते डोळे उघडे. आपली पोर आपण ओळखणारच की! मी काचेवर टकटक करून डबा उंच धरून दाखवला. ती पांढरी बाहुली माझ्याकडं बघतच राहिली. मग शेजारची पुढं आली, तिनं हात हलवला, ती नंदिनी निघाली. मी ज्या पोरीला डबा दाखवत होते ती सोनम, साखर पेठेतली. लाज वाटली. पोटच्या पोरीला ओळखलं नाही.

शिकवणारे मंजुनाथ सर अक्कलकोटचे. बोलता बोलता मधेच कानडी. "बर्री, या अक्का, बसा बसा."

मी बसले नाही. "पोरीचा हात बघितला का तुमी?"

"बघितला. फार चांगला हात आहे."

"मग?"

"अक्का, पूर्वी असल्या कारखान्यात बायका रांगेनं बसून भिंगाखाली सोन्याची तार जोडायच्या. तेव्हा हात बघून घेत होते. आता तुमची पापणी लवेपर्यंत यंत्र कितीतरी तारा जोडतं. आता ते यंत्र बिघडायला लागलंय हे आधी ओळखणारं माणूस लागतं."

"यंत्र चुकतं व्हय?" मला जरा बरं वाटलं.

"रोज. आणि यंत्रं बदलतात पण लवकर. मी शिकलो त्यातलं अर्धं आता कामाचं नाही. मीच ह्या पोरांच्या मागच्या बाकावर बसून नवीन शिकतोय."

मास्तरच शिकतोय, तर पगार कशाचा घेतो? जिभेवर आलं होतं, गिळलं. पोरीचे गुण ह्याच माणसाच्या हातात आहेत.

घरी येताना सासऱ्याची आठवण झाली. त्यांचा हात मागावर असा बसला होता की झोपेतसुद्धा बोटं हलायची. गिरणी बंद पडली. दुसरं काही शिकायचं वय गेलं होतं. पुढं दारात बसून असायचे, बोटं हलायचीच. पोरीचं तसं व्हायला नको. एवढंच आहे माझं. बाकी मी कुणाशी भांडायला जात नाही.


रविवार, २० जुलै

डॉक्टरला सांगा, आज लिहूनही भागणार नाही.

चार दिवस हवा ओली आहे. भाकऱ्या सादळतात. सादळलेल्या काय फेकून द्यायच्या? चवडीत वर कडक, खाली कडक, मधे चार मऊ जातात. सगळे तसंच करतात. गिऱ्हाईक घरी जाऊन तव्यावर टाकतं आणि खातं, कुणाचं काही अडत नाही. माझी आई असंच करायची.

दुकानदार शिवलिंगप्पा माल न्यायला आले. नंदिनीला सुट्टी, म्हणून चवडी उचलून द्यायला तीच पुढं झाली. आणि म्हणते काय, "आप्पा, मधल्या सादळल्यात. बघून घ्या."

शिवलिंगप्पांनी एक काढली, वाकवली. ती वाकली. कडक भाकरी वाकली की संपलं. सगळा माल परत ठेवला.

"मायाक्का, लेकीनं सांगितलं म्हणून कळलं बघा. आजपर्यंत किती मऊ खाल्ल्या म्हणायच्या आम्ही?"

"तुमच्या दुकानातच सादळत असतील की! डबे कुठं नीट लावता तुमी?" मी म्हटलं. ते नुसतं हसले आणि मोकळ्या हातानं गेले.

मी नंदिनीचा दंड धरला. "तुला कुणी इचारलं हुतं?"

"इचारायची वाट बघायची नसती, आई. दिसलं की सांगायचं."

"हे कुटं शिकलीस?"

"केंद्रात. पैल्या दिवशी हेच शिकवलं."

म्हणजे चिप करायला शिकवत नाहीत, घर बुडवायला शिकवतात. रात्रीचं जेवण भाकऱ्यांचंच. सगळ्यांनी मऊ भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. नंदिनीनं दोन जास्त खाल्ल्या, शिक्षा म्हणून खाल्ल्यासारख्या.


गुरुवार, २४ जुलै

अमावस्या. माझा भाऊ सिदू हुलजंतीहून बिरोबाचं दर्शन करून परस्पर इकडं आला. मेंढरं मंगळवेढ्याकडं रानात बसवून आलाय, त्यामुळं डोकं सगळं तिकडंच. येताना भंडारा आणला, देवाची हळद. पिवळाधमक, ताजा.

"भाचे, चिप म्हंजी काय गं? आमच्याकडं जनावराच्या कानात बिल्ला मारत्यात, तसलं का?"

"तसलंच मामा, पण लई बारीक. ह्या मोबाइलात हाय."

"माणसाच्या कानात घालाय लागल्यावर सांग. तुझ्या आईच्या पैल्यांदा घालू, कुटं वरडती ते आमाला कळंल."

हसत बसले दोघं. हसू द्या.

उद्या कारखान्याच्या वैजयंती मॅडम येणार आहेत. त्यांच्यासमोर प्रत्येकानं यंत्रावर काम करून दाखवायचं. पोरं जास्त, जागा कमी. तीन महिन्यांची परीक्षा पुढं आहेच, पण उद्याच्या ह्या मधल्या परीक्षेत जमलं तर नंदिनीची नोकरी पक्की झाल्यासारखीच आहे. सिदू भंडारा लावायला पुढं आला तर ती म्हणाली, "आज लावा मामा. उद्या सकाळी मातूर नको हं." सिदूनं कपाळभर लावला. झोपायच्या आधी तिनं साबणानं धुतला. सिदू बघत होता. मला वाईट वाटलं.


शुक्रवार, २५ जुलै

सकाळी. आत्ताच गेली. अंबाडा मीच घालून दिला. टोपीत केस मावायला घट्ट लागतो. बांधताना चिमूटभर भंडारा केसांच्या मुळाशी आत दाबून ठेवला. कपाळावर नको म्हणतात ना? मग कपाळावर नाही लावला. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर वाद घातला असता. देवाला ठाऊक आहे तेवढं पुरे.

संध्याकाळी. परीक्षा झालीच नाही. अर्ध्यावर ते कण मोजायचं यंत्र लाल झालं. चकत्यांवर कण बसले, सगळ्या वाया गेल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. मॅडम परत गेल्या. मी म्हटलं, बरं झालं, तुझी पाळी यायच्या आधीच बंद पडलं, देवानं राखलं तुला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग केस सोडले आणि बाथरूममध्ये गेली ती डोकंच धुवायला लागली. दिवा लावायच्या वेळेला!

मी दारावर थापा मारल्या. "दिवेलागणीला डोस्क्यावरनं पाणी घेत्यात व्हय गं? घरात कोन मेलंय का?"

आत नुसतं पाणी पडत होतं. नंतर फरशी घासल्याचा आवाज आला. जन्मात कधी बाथरूम घासलं नाही तिनं. परीक्षा हुकल्यानं डोक्यावर परिणाम झाला असेल.


रविवार, २७ जुलै

जेवत नाही. बोलत नाही. विचारलं तर "काय न्हाय." हिचे वडील ट्रक घेऊन कर्नाटकात आहेत, त्यांना फोन लावून दिला. त्यांच्याशीही "काय न्हाय." ते मलाच म्हणाले, "तू काय तरी बोलली असशील." घरात काही बिघडलं की माझंच नाव.

शेवटी मी सरळ विचारलं, "कोन पोरगा हाय का?" तर हसली. हसता हसता रडायला लागली. म्हणजे असणार.

तिथली बातमी केराबाईच्या भाचीकडनं कळली, ती केंद्रात झाडलोट करते. ती सोनम, जिला मी डबा दाखवला होता, ती मागं एकदा तोंडाला पावडर लावून गेली होती. म्हणून आता तिच्यावर आलंय. शहानिशा होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलंय तिला. आई विड्या वळते तिची. वाईट वाटलं, पण मनात आलं ते लिहिते. एक कमी झाली. आता नंदिनीची जागा जवळ आली.

हेच मी जेवताना बोलून दाखवलं. नंदिनी ताटावरून उठली.


बुधवार, ३० जुलै

आज अक्षर अजून वाकडं येईल.

दुपारीच घरी आली. पुढच्या खोलीत आम्ही सगळ्या कामावर. ओढणी नाकाला न लावता सरळ आत आली आणि माझ्यासमोर बसली, पिठात.

"आई, अंबाड्यात भंडारा तू घातलास ना?"

"कसला भंडारा?"

"आई."

"चिमूटभर," मी म्हटलं.

"टोपी घालताना गळ्यावर सांडला. मला तवा कळलं न्हाय. घरी येऊन केस सोडल्यावर कळलं." मग म्हणाली, "आज सरांना सांगून आले. सगळ्यांसमोर. सोनमलाबी बोलवून घेतलं हुतं."

मी परात आपटली. केराबाई उठून उगाच मोरीकडं गेली, बाकीच्या तिघी तिच्या मागनं.

"काय सांगितलंस? आईनं घातला म्हणून?"

"न्हाय. माज्या केसात भंडारा हुता, एवढंच."

"माजं नाव का न्हाय घेतलंस?"

"केस माजे हायत."

मग माझा तोल गेला. शेजारची दारात येऊन उभी राहिली एवढं ओरडले. "त्या पोरीवर गेलं हुतं की! जाऊ द्यायचं! कुणाला कळणार हुतं?"

"मला कळलं हुतं. शुक्रवारीच. तवाच सांगायचं हुतं, तुज्यामुळं गप बसले. सोनमची आई काल केंद्राच्या दारात येऊन बसली हुती, आई. नुस्ती बसली हुती."

मी म्हटलं, देवाचा भंडारा, तो कचरा कसा होईल? ती माझ्या पदरावरचं पीठ झाडत बसली.

सरांनी सगळं लिहून मॅडमकडं पाठवलंय. मॅडम "बघू" म्हणाल्यात. तोपर्यंत नंदिनीला आत जायचं नाही. सोनम उद्यापासून आत. जागा गेल्यात जमा. ज्या हातानं अंबाडा घातला त्याच हातानं घालवली, असं केराबाई बोलली नाही, पण तिच्या तोंडावर होतं.


गुरुवार, ३१ जुलै

आज चूल पेटवलीच नाही. बायकांना सुट्टी दिली आणि केंद्रावर गेले. नंदिनीला सांगितलं नाही.

मंजुनाथ सर दारातच भेटले, फटफटी लावत होते. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "भंडारा मी घातला. तिला ठाऊकसुदिक नव्हतं. आन् एक सांगा, देवाचा भंडारा तुमाला घाण वाटतो का?"

ते रागावतील वाटलं होतं. त्यांनी फटफटीची डिकी उघडली. आत विभूतीची वडी ठेवलेली डबी आणि ओलं फडकं.

"अक्का, मी रोज सकाळी घरी पूजा करून विभूती लावतो, इथं येऊन पुसतो. संध्याकाळी इथंच परत लावतो आणि घरी जातो. माझी आई होती तोपर्यंत तिला कधी सांगितलं नाही. देवाची असो नाहीतर रस्त्याची, यंत्राला नुसता कण दिसतो. त्याला भक्ती मोजता येत नाही."

मी त्या डबीकडं बघत राहिले. ह्या माणसाला हे जमतं. पुसतो आणि परत लावतो. त्यात देव कुठं कमी झाल्यासारखा दिसत नव्हता. पटलं म्हणा.

"मग आता पोरीचं काय?"

"नियम मोडला गेला, चकत्या वाया गेल्या. आणि सांगायला पाच दिवस लावले, त्यात दुसऱ्या पोरीला त्रास झाला. हे मी लिहिलं." सर मान खाली घालून बोलत होते. "आणि हेही लिहिलं की कुणी धरलं नसताना स्वतः येऊन सांगितलं. अक्का, ह्या कामात आता हेच सगळ्यांत अवघड कसब आहे. एका माणसानं एक चूक लपवली की ती हजारो चिपांत जाते, तिथून गाडीत, दवाखान्यातल्या यंत्रात. यंत्र चालवायला मी कुणालाही शिकवीन. हे शिकवता येत नाही."

"हे तुमच्या मॅडमला तोंडानं सांगितलं का?"

"लिहिलंय."

"लिवलेलं कोन वाचतंय! लावा फोन."

ते नको नको म्हणत होते. मी दारातून हलले नाही. शेवटी त्यांनी आत नेऊन संगणकावर मॅडमना बोलावलं. पडद्यावर आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा, मागं पांढरी भिंत. "आम्ही अहवाल बघतोय, कळवू," म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत. पण "कळवू" हा शब्द मला माहीत आहे. सासऱ्याला गिरणीनं तोच सांगितला होता.

म्हणून मी बोलले. काय बोलले ते विसरायच्या आत लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की बाईनं नुसता दंगा केला.

"मॅडम, मी मायाक्का, राजनंदिनीची आई. भंडारा मी घातला. पुन्हा घालणार नाही, हे देवाला सांगून झालंय. वाया गेलं त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते. आता माझं ऐका. तुमच्या धंद्यात हाताला भाव होता, तेव्हा पोरीनं हात बसवला. तुम्ही म्हणालात हात नको, रेघ वाचायला शिक. शिकली. म्हणालात चुकलं की लपवू नको. ती उशिरा बोलली, कारण मधे आई आली. तरी बोलली, जागा जाणार हे ठाऊक असून बोलली. आत बाकीची पोरं बसलीत, ती सगळी बघतायत. सांगणारीला घरी बसवलंत तर ती पोरं आजपासून काय शिकतील ते तुम्हीच ठरवा. आणि उद्या अजून तिसरंच काही लागणार असेल, तर तेही आत्ताच सांगा. शिकेल ती. पण 'कळवू' म्हणू नका. येत्या मंगळवारी, पाच तारखेला, केंद्र उघडताना मी ह्या दारात उभी असेन. ठेवणार का नाही, त्या दिवशी मला तोंडानं सांगायचं."